पित्ताशय काढलं, घास थटलेलाच राहिला

"तुमच्या आईला अन्ननलिकेचा कॅन्सर आहे," लातूरच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. मग फाईल चाळत त्यांनी विचारलं, "यांचं पित्ताशय कशासाठी काढलं होतं?"

मुखेडला माझं मेडिकलचं दुकान आहे. वीस वर्षं मी लोकांना औषधं देतोय, आणि माझ्याच मायच्या घशाखाली भाकरी का उतरत नाही हे मला सात महिने कळलं नव्हतं.

पेरणीच्या दिवसांत माय पहिल्यांदा म्हणाली, "बाबू, घास इथं थटून राहिला रे." घास अडकतो ती जागा दाखवणारं बोट छातीच्या मधोमध होतं. मी दुकानातून गॅसच्या औषधाची बाटली आणून दिली. ती संपल्यावर दुसरी दिली.

माय भाकरी वरणात कुस्करून खायला लागली. पुढे भाकरी सुटली, ताकातल्या कण्या आल्या. दात गेलेत, वय झालंय, असं मी म्हणायचो. ती सगळ्यांच्या मागून जेवायची, त्यामुळं ताटात किती उरतं हे कुणी पाहिलं नाही.

दसऱ्याला तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, तेव्हा नांदेडला नेलं. सोनोग्राफीत पित्ताशयात दोन खडे दिसले. सर्जन म्हणाले, "सापडलं कारण. दुर्बिणीतून काढून टाकू. पंधरा दिवसांत भाकरी खातील."

माय तपासणीच्या टेबलावरून उठत म्हणाली, "पन डाक्टरसाहेब, माजं पोट दुखत न्हाई. घास उतरून न्हाई राहिला."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "माय, ते त्याचंच असतंय." हे वाक्य माझं आहे. सर्जनला शिव्या देताना मी ते नेहमी वगळत आलो, म्हणून इथं लिहून ठेवतो.

ऑपरेशन चांगलं झालं. चौथ्या दिवशी आम्ही घरी आलो. काढलेले खडे एका डबीत मिळाले होते. भेटायला येणाऱ्यांना मी ते दाखवायचो.

तीन आठवड्यांनी कण्याही थटायला लागल्या. फोनवर सर्जन म्हणाले, "ऑपरेशननंतर पित्त वर येतं कुणाकुणाला. वेळ द्या." मी वेळ दिला. त्या वेळात माय आणखी वाळली. एकदा मी तिच्यावर ओरडलो, "आता तर खडे पण काढले, खात का नाहीस?" ती घास तोंडात धरून मागच्या दारी गेली आणि थुंकून आली.

संक्रांतीला माझ्या बहिणीनं मायला आपल्या घरी जळकोटला नेलं. दुसऱ्याच दिवशी बहिणीचा फोन आला. "दादा, माय पाणी पेली तरी उलटून पडून राहिलंय. मी तिला लातूरला घेऊन चालले. तुला यायचं तर ये."

मी पोचलो तेव्हा मॅडमनी मायच्या हातात एक बिस्कीट दिलं होतं. "खा आजी, मी बघते." मायनं लहानसा तुकडा चावला, मान ताणली, छातीवर मूठ दाबली. मग लाजून तोंडाला पदर लावला. सात महिन्यांत तिच्यासमोर बसून तिचा एक घास कुणी पाहिला नव्हता. मीही नाही.

एंडोस्कोपी झाली, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी आत घालून पाहिलं. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला गाठ होती. बायोप्सीसाठी गाठीचा तुकडा काढला. रिपोर्ट यायला सहा दिवस गेले. सिटी स्कॅनमध्ये यकृतावर डाग दिसले, म्हणजे कॅन्सर तिथवर पसरला होता.

मॅडमनी समजावलं ते माझ्यासारख्यांसाठी लिहितो. "खडे होते, ते खोटं नव्हतं. ते पुष्कळांच्या पोटात असतात. त्यानं वरच्या पोटात दुखतं, मळमळतं, जेवल्यावर जड वाटतं. पण घास अडकणं, ज्याला आम्ही डिस्फेजिया म्हणतो, ते खड्यांवर ढकलायचं नसतं. आधी एंडोस्कोपी करायची."

"तेव्हाच आलो असतो तर?"

"कदाचित गाठीच्या ऑपरेशनचा विचार करता आला असता," त्या म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

अन्ननलिकेत स्टेंट बसवला, म्हणजे वाट उघडी ठेवणारी जाळीची नळी. मायला पेज, खीर, दूध जायला लागलं. त्यावर ती चार महिने जगली. त्या मॅडमचे आणि बहिणीचे उपकार आहेत, नाहीतर माय उपाशीच गेली असती.

जाण्याच्या आधी एका दुपारी मी तिला सगळं सांगितलं. पित्ताशयाच्या ऑपरेशनची गरज नव्हती, माझं चुकलं, असं म्हणालो.

"मला ठावं हाय," माय म्हणाली. "माजा घास मला कळत न्हाई का? किती डाव सांगितलं तुला. तू औषिधवाला, तुला माज्यापेक्षा जास्त कळतंय, असं वाटलं मला."

मग तिनं भिंतीकडं कूस बदलली. थोड्या वेळानं पाणी मागितलं, मी दिलं. मायनं मला माफ केलं, असं नातेवाईक म्हणतात. मी हो म्हणत नाही. ती तसं म्हणाली नव्हती.