कणकेनं बंद केलेली हंडी
काल शेजारच्या फ्लॅटमधून करपलेल्या कणकेचा वास आला आणि मला गुलमंडीमागची आमची गल्ली आठवली. तिथं समोरच लग्नाचं जेवण करणारे एक आचारी राहायचे. दर ईदला ते माझ्या वडिलांसाठी कोऱ्या हंडीत नुसत्या भाज्यांची बिर्याणी लावायचे आणि झाकण कणकेनं बंद करून दमावर ठेवायचे. संस्कृत शिकवणारे वडील त्यांच्या दारात उभे राहून वास घ्यायचे. पण घरचं सोवळं आड यायचं. "पुढच्या वर्षी नक्की," म्हणायचे आणि वाद काढायचे. "दम शब्द संस्कृत. दम म्हणजे संयम." "नक्को मास्टर, फारसी है. दम बोले तो सांस." हा वाद मग वर्षभर, येता-जाता चालायचा. एका ईदला हंडी निखाऱ्यांवर ठेवली आणि आचारी तिथंच कोसळले. दफन करून वडील परतले, तेव्हा आचाऱ्यांच्या मुलीनं ती हंडी पुढं केली. "चाचा, अब्बा तुम्हारे वास्तेच बंद करे थे. तुमीच खोलो." वडिलांनी वाळलेली कणीक नखांनी उकरली, आचाऱ्यांच्या ओट्यावर बसून तो गार भात शेवटच्या शितापर्यंत खाल्ला आणि त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडं बघत म्हणाले, "भाई, तुमचंच खरं. फारसीच." ते दोन वेगळे शब्द आहेत, दोघंही बरोबर होते, हे मला फार उशिरा कळलं. वडिलांना पहिल्यापासून माहीत असणार. पण त्यांना आत जायचा धीर नव्हता, आणि दारातून निघवतही नव्हतं.