पंचायतीच्या दारातलं कुत्रं कोणाचं?

ग्रामपंचायतीत पाणी साठवायला टाकी असते, किस्से साठवायला काही नसतं. ते आपले आमच्या डोक्यात साचत राहतात. लग्नात, तेरवीत, देऊळगाव राजाच्या स्टँडवर, कुठंही कोणी ओळखीचं भेटलं की आधी विचारतं, "सचिव साहेब, त्या कुत्र्याचं काय झालं मंग?" आता खरं सांगू का, ते कुत्रं नेमकं कोणाचं हेच मलाही नीट कळलेलं नाही. मी ग्रामसेवक, म्हणजे गावाच्या भाषेत सचिव. मला कळायला पाहिजे होतं. पण जेवढं कळलं तेवढं सांगतो.

आमचं गाव दुसरबीडकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला लागून. पंचायतीचं ऑफिस आणि अंगणवाडी एकाच आवारात, फाटक एकच. सरपंच लताताई आहेत, पण गाव 'सरपंच साहेब' म्हणतं ते त्यांच्या मिस्टरांना, बबनरावांना. शिपाई नामदेव. अंगणवाडीच्या सेविका मंदाताई. आणि फाटकात आडवं पसरलेलं एक तांबडं कुत्रं.

हे कुत्रं आधी नुसतं गुरगुरायचं. मग एक दिवस अंगणवाडीतल्या परी नावाच्या पोरीच्या पोटरीला चावलं. दवाखान्यात नेलं, इंजेक्शनं झाली, पोरगी बरी झाली. पण दुसऱ्या दिवशीपासून बायांनी पोरं पाठवणं बंद केलं.

मंदाताई माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. "सचिव साहेब, पोरं आली नाईत तं माही अंगणवाडी पल्याडच्या वस्तीले जोडतीन. मंग एवढाली लेकरं तो मोठा रस्ता ओलांडून जातीन का? ट्रक कसे पळतात तुमी पाह्यता न?"

पाहतो ना. रोज मोटारसायकल घेऊन तोच रस्ता ओलांडताना माझाच जीव मुठीत असतो. मी म्हणालो, "ताई, बंदोबस्त करतो." हे वाक्य तोंडातून निघालं आणि तिथून माझा गोंधळ सुरू झाला.

*

बंदोबस्त करायचा तर आधी कुत्रं कोणाचं ते ठरवायला पाहिजे. मी नामदेवला विचारलं.

"कोनाचंच नाई साहेब. मोत्या असाच आला कुठून तरी."

"कोणाचंच नाही तर मोत्या नाव कोणी ठेवलं?"

"मी नाई ठेवलं. मी फक्त हाक मारतो."

समोरच्या चहावाल्याला विचारलं. तो म्हणाला, "टायगरचं म्हनता का? मले नाई मालूम." तेवढ्यात शाळेची पोरं "ए लाल्या" करत गेली, तर कुत्रं त्यांच्याही मागे शेपूट हलवत निघालं. मी सगळ्या नावांनी एकेक करून हाक मारून पाहिली. ते प्रत्येक नावाला कान टवकारायचं. मग मी नुसतंच "ए" म्हणालो, तर अंगावर आलं.

*

मग मी फोन लावायला बसलो. पहिला फोन जनावरांच्या डॉक्टरांना.

"कुत्रं आजारी आहे का?"

"नाही साहेब, ठणठणीत आहे."

"मग माझं काय काम?"

"माणसांना चावतंय."

"मग माणसांच्या डॉक्टरकडे जा."

पोलिसांकडे गेलो. तिथले जमादार भला माणूस, चहा पाजला. म्हणाले, "गुन्हा नोंदवतो, पण आरोपीच्या मालकाचं नाव सांगा." मी म्हणालो, तेच तर शोधतोय. तर म्हणाले, "सापडलं की या."

शेवटी ओळखीच्या एका वनरक्षकाला विचारलं. तो हसायला लागला. "सचिव साहेब, गावात हाये तवर तुमचं. जंगलात शिरून हरनाच्या मांगं लागलं का आमचं." नामदेव बाजूला उभा होता. तो एकदम सरसावला, "मंग साहेब, हरनाच्या मांगं लावू का?" मी त्याला गप्प बस म्हणालो. पण घरी जाताना तोच विचार माझ्याही डोक्यात घोळत होता, हे कबूल केलं पाहिजे.

*

बबनरावांना फोनाफोनी पटत नाही. ते म्हणाले, "तुमचे कागद राहू द्या. मी उद्याच्याले विषय मिटवतो." त्यांनी बिस्किटं दाखवून कुत्रं आपल्या पिकअपमध्ये चढवलं, ताडपत्री ओढली, नामदेवला सोबत घेतलं आणि दोघं देऊळगाव राजाच्याही पुढं, लांबच्या एका खेड्यात भर दुपारी जाऊन पोहोचले.

कुत्रं उतरवलं आणि गाडी वळवणार, तर समोर पारावर बसलेली मंडळी उठून आली. रामराम झाला. एका म्हाताऱ्यानं शांतपणे म्हटलं, "सरपंच, कुत्रं खाली राह्यलं तुमचं."

बबनराव म्हणाले, "आमचं नाई ते. अन् मी सरपंच हाये हे तुमाले कोनं सांगितलं?"

म्हाताऱ्यानं गाडीच्या काचेकडे बोट दाखवलं. काचेवर लांबून वाचता येईल अशा अक्षरांत 'सरपंच' आणि त्याखाली आमच्या गावाचं नाव. निवडणुकीनंतर बबनरावांनी हौसेनं लिहून घेतलेलं, आणि ते झाकावं हे दोघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं.

पुढं त्या लोकांनी काही भांडण केलं नाही. चहा पाजला, पोहे दिले. कुत्रं स्वतः उचलून गाडीत ठेवलं आणि ताडपत्रीही बांधून दिली. संध्याकाळी फाटकात ताडपत्री सोडली तर आतून तांबडं उतरलं, आणि त्याच्यामागून एक काळं.

बबनरावांनी ताडपत्री झटकून घडी केली. मग मला म्हणाले, "सचिव साहेब, काळं माहं नाई बरं का." मी म्हणालो, तांबडं तरी कुठं तुमचं होतं?

काळं शहाणं निघालं. एक रात्र राहिलं आणि आपल्या पायांनी परत गेलं. आमचं मात्र हललं नाही.

*

न हलण्याचं कारण मला एका सकाळी सापडलं. मी लवकर आलो होतो. बघतो तर एकेक बाई येते, फाटकातून आत भाकर टाकते आणि निघून जाते. सकाळची एक भाकर कुत्र्यासाठी बाजूला काढायची, ही आपल्याकडची घरोघरची रीत. त्यात चुकीचं काहीच नाही. मी एका आजीला हात जोडून विचारलं, "माय, भाकर टाकायची तर टाक. पण आपल्या दारात टाक ना. इथं काऊन टाकतेस?"

आजी म्हणाली, "दारात टाकली तं दारातच बसन न बापा. घरात नातवंडं हायेत माह्या."

"आणि इथं अंगणवाडी आहे ते?"

"इथं काय, पंचायतीची जागा हाये. कोनाची थोडीच हाये."

मी मागं वळून बघितलं. परीची आई पण त्या रांगेत होती, भाकर घेऊन.

*

मग खूप अर्ज-विनंत्या झाल्यावर तालुक्याहून कुत्री पकडणारी गाडी आली. गाव गोळा झालं. जाळी टाकली, कुत्रं नेलं. मंदाताईंनी घरोघरी जाऊन निरोप दिला आणि पोरं परत यायला लागली. खिचडीचं पातेलं पुन्हा पूर्ण भरायला लागलं. मंदाताईंचा चेहरा बघून मलाच बरं वाटलं.

काही दिवसांनी तीच गाडी परत आली. दार उघडलं आणि आमचं कुत्रं खाली उतरलं. अंग भरलेलं, एका कानाचं टोक कापलेलं, एकूण तब्येत सुधारलेली.

मी म्हणालो, "अहो, हे परत कशाला आणलं?"

"ऑपरेशन करून, कानाला खूण करून, जिथून नेलं तिथं सोडायचं, असा नियम आहे."

बबनराव मधे पडले. "टीव्हीवर तं सांगून राह्यले, शाळेपाशी सोडायचं नाई म्हनून."

गाडीवाला विचारात पडला. "पण ही शाळा आहे का? ही अंगणवाडी आहे." त्यानं त्याच्या साहेबाला फोन लावला, साहेबानं आणखी वरच्या साहेबाला. एक म्हणाला शाळा धरा, दुसरा म्हणाला शाळा पहिलीपासून धरतात. हे चालू असताना कुत्रं आपल्या जागी जाऊन पसरलं होतं.

मंदाताईंनी एवढंच विचारलं, "दादा, ऑपरेशन केलं म्हनता. आता चावनार नाई न?"

"ताई, पिल्लं होणार नाहीत."

"अवो, माही पोरं चावन्याले भेतात. पिल्लाले कोन भेते?"

गाडी गेली. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत मंदाताई आणि पातेलं, दोघंच.

*

ग्रामसभेत विषय निघाला तेव्हा जनावरांचे डॉक्टरही आले होते. त्यांना मी गळ घातली होती. ते म्हणाले, "मी लस देतो. पट्टा, साखळी घाला, बांधून ठेवा. पण कुत्रं धरायला आणि पुढं बघायला मालक पाहिजे. मालक कोण ते सांगा."

सगळी सभा जमिनीकडे बघायला लागली. नामदेव पाणी आणायला गेला. चहावाल्याला दूध उतू जाईल याची आठवण झाली. बबनराव म्हणाले, "कुत्रं साऱ्या गावाचं हाये." डॉक्टर म्हणाले, "चालेल, मग साऱ्या गावानं धरा."

कोणीच उठेना. तेव्हा मागून मंदाताई उठल्या.

"लिहा साहेब. माहं हाये."

लताताई सरपंच एरवी सभेत फारसं बोलत नाहीत. त्यांनीच विचारलं, "मंदाबाई, तुमी काऊन घेता?"

"कोनाचं तरी असल्याबिगर ते बांधता येत नाई म्हनतात. अन् बांधल्याबिगर पोरं येत नाईत."

सभा फटकन संपली. सगळ्यांना इतकं हलकं वाटलं की लोक एकमेकांना तंबाखू देत घरी गेले. मला मात्र त्या बाईच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

*

मंदाताईंनी काही दिवस घरची भाकर दुधात कुस्करून कुत्र्याला स्वतःच्या हातानं घातली. मग डॉक्टरांनी लस दिली, पट्टा चढला. आणि एका सोमवारी मी ऑफिसला आलो तर फाटकात ही गर्दी. दाखल्यासाठी आलेले लोक, नामदेव, बबनराव, सगळे फाटकाबाहेर उभे. अंगणवाडीतून पोरांचा गलका ऐकू येत होता. खूप दिवसांनी.

"आत काऊन जात नाही?" मी विचारलं.

नामदेवनं बोट दाखवलं. पंचायतीच्या ऑफिसच्या ग्रीलला नवी साखळी, आणि साखळीला आमचं कुत्रं. अंगणवाडीच्या पायरीपर्यंत साखळी पोचत नव्हती. ऑफिसच्या दारापर्यंत बरोबर पोचत होती. मी एक पाय पुढं टाकला तर ते असं उसळलं की मी पाय होता तिथं ठेवला.

मंदाताई बाहेर आल्या. कडेवर परी होती.

मी म्हणालो, "ताई, हे काय? कुत्रं तुमच्या नावावर आहे ना?"

"हाव, माह्याच नावावर हाये. पन माह्या घरी दोन खोल्या, बांधू कुठी? भाकर गावाची, जागा पंचायतीची, नाव माहं. मंग हितंच बांधलं."

बबनराव आवाज चढवून म्हणाले, "अवो ताई, ऑफिस बंद पडलं न. लोकं खोळंबून राह्यले."

"मंग सोडू का?" मंदाताईंनी अगदी साधेपणानं विचारलं. "तुमी सांगा, मी सोडते. कोन सांगते? सरपंच साहेब, तुमी सांगता?"

बबनराव माझ्याकडे बघायला लागले. मी नामदेवकडे बघितलं. दाखल्यासाठी आलेल्या लोकांत परीचा बाप उभा होता, तो आपल्या चपलेकडे बघत होता. मंदाताई वाट बघत होत्या. एका हातात पोर आणि दुसरा हात साखळीच्या कडीवर.

बबनरावांनी घसा खाकरला. मग खालच्या आवाजात मला म्हणाले, "सचिव साहेब, ऑफिसची मागची खिडकी केवढी हाये हो?"