सारिकाच्या वहीतलं ते पान

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. दोनदा अगदी जिभेवर आली — एकदा आईपुढं, एकदा लग्न ठरल्यावर होणाऱ्या नवऱ्यापुढं — आणि दोन्ही वेळा मी भलतंच काहीतरी बोलले. आईला म्हणाले, डोकं दुखतंय. त्याला काय म्हणाले ते आता आठवतही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि सारिकालाही ओळखत नाही. हे कारण तरी खरं आहे का? असेल. कुठून तरी सुरुवात करायला हवी.

मी दौंडची. वडील रेल्वेत, आई शाळेत. अक्षर सुंदर, निबंधात पहिला नंबर, वक्तृत्वाच्या ढाली शोकेसमध्ये. पाहुणे आले की आई त्या ढाली पुसायला घ्यायची — म्हणजे पाहुण्यांनी विचारावं. मराठी म्हणजे माझा हातखंडा विषय, असं सगळे म्हणत आणि मला ते मनापासून पटलेलं होतं. कॉलेजात गेल्यावरही पहिला बाक माझा. शेजारी कोण बसतं याकडं मी फारसं लक्ष दिलं नव्हतं.

शेजारी सारिका बसायची. भांडगावहून एसटीनं यायची, तास सुरू होऊन पाच मिनिटं झाल्यावर. घरची मेंढरं आजोबांच्या काळातच गेलेली, आता चार एकर शेती, आणि वडील — आप्पा — कुरकुंभच्या एका कंपनीत पाळीवर कामाला. ती वर्गात बोलायची नाही. मला तिची दया यायची, आणि दया येणाऱ्या माणसाशी मैत्री करणं किती सोपं असतं, नाही? मी तिला नोट्स द्यायचे. तिच्या डब्यातली शेंगाचटणी खायचे. ती माझी जिवाभावाची मैत्रीण होती असं म्हटलं तरी खोटं होणार नाही. निदान दुसऱ्या वर्षापर्यंत तरी नाही.

दुसऱ्या वर्षी मराठीच्या मॅडमनी एक प्रकल्प दिला. वर्षभरात चार वेगवेगळ्या कला प्रत्यक्ष जाऊन बघायच्या आणि प्रत्येकीवर दोन-दोन पानं लिहायची. पुस्तकातलं नको, गुगलवरचं नको, तुम्हाला जे दिसलं ते लिहा, असं मॅडम म्हणाल्या. मी मनात म्हटलं, यात तर माझा हात कोण धरणार?

पहिली होती शास्त्रीय गायनाची मैफल, दौंडातच, एका मंगल कार्यालयात. मी लिहिलं — स्वरांच्या वर्षावात न्हाऊन निघाले, देहभान हरपलं, वगैरे. खरं सांगू? मला कंटाळा आला होता. मी दोनदा मोबाईल बघितला होता. पण तसं लिहायचं नसतं हे मला माहीत होतं.

सारिकानं लिहिलं होतं तंबोऱ्यावरच्या मुलीबद्दल. गायिकेच्या मागं एक मुलगी दोन तास तंबोरा घेऊन बसली होती, तिला गायला एकदाही मिळालं नाही, तिची फक्त बोटं हलत होती. आणि गायिकेनं मध्येच पाण्याचा घोट घेतला तेव्हा त्या मुलीनंही आवंढा गिळला.

मॅडमनी हे वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं. माझं नाही, हे. मी टाळ्या वाजवल्या. वाजवताना मला आठवत होतं की ती मुलगी मलाही दिसली होती — म्हणजे डोळ्यांसमोर होती. दोन तास! मग मला कशी नाही दिसली?

तिथून ते सुरू झालं. मत्सर म्हणतात त्याला, पण हा शब्द फार स्वच्छ आहे. मला पोटात दुखायचं, खरोखर दुखायचं, बरगडीच्या खाली. पुण्याला चित्रांचं प्रदर्शन बघायला गेलो, तिथं मी चित्रकाराची सगळी माहिती लिहून घेतली. सारिका मेंढरांच्या एका चित्रापुढं उभी राहिली ती हलेचना. मग तिनं लिहिलं की या मेंढरांचे चारही पाय सारखेच टेकलेत, ही कधी वाट चाललेली नाहीत, यांना कुणीतरी उभं करून ठेवलंय. वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्या चष्मा काढून म्हणाल्या, मी हे चित्र चार वेळा बघितलंय गं.

शिरूरच्या एसटी स्टँडवर तिथल्या मुलांनी पथनाट्य केलं, ते तिसरं. नाटक हुंड्यावर होतं, मी हुंड्याच्या प्रथेवर दोन पानं लिहिली. आणि ती? ती म्हणे केळीवाल्याकडं बघत होती. नाटक सुरू झाल्यावर त्यानं भाव ओरडायचं थांबवलं, आणि संपल्यावर पुन्हा ओरडायला लागला तेव्हा आवाज खाली आला होता. एवढंच. तिनं नाटकाबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं, आणि तरी सगळं नाटक त्यात होतं.

मी घरी जाऊन माझी वही काढली, तिच्यासारखं लिहून बघितलं. जमलं नाही. काय कमी होतं माझ्यात? मी तिच्याहून जास्त वाचलेलं होतं. तिला तर अनुस्वार कुठं द्यायचा हेही मी सांगायचे! देवानं द्यायचं ते अशा मुलीला द्यावं जिला ते मिळालंय हेही कळत नाही — असं मी त्या वयात, त्या शब्दांत, आरशापुढं उभी राहून म्हटलेलं आहे. आणि तिच्यापुढं मात्र तोंडभरून कौतुक. साळसूदपणात माझा हात खरंच कुणी धरला नसता.

चौथा अनुभव तमाशाचा. दचकू नका, रात्रीचा नाही. आमच्याकडं यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हजेऱ्या असतात — तंबू नाही, तिकीट नाही, देवळापुढं उघड्यावर फडातल्या बायका गातात, नाचतात, सगळं गाव बघतं. शिरूरकडच्या एका गावची यात्रा होती. मॅडमनी आम्हा अकरा जणींना जीपमधून नेलं, फडाच्या मालकीणबाईंना भेटवलं, चाळ बांधताना बघू दिलं. माझ्या आईनं त्या दिवशी पहाटे उठून सगळ्यांसाठी दशम्या करून दिल्या होत्या. आमच्या घरात कुणाची काही हरकत नव्हती. हे लक्षात ठेवा, म्हणजे पुढं माझ्यासाठी तुम्ही एखादी सबब शोधायला जाणार नाही.

सारिकानं घरी सांगितलं होतं की कॉलेजची सहल आहे.

तिनं त्यावर जे लिहिलं ते मला अजून पाठ आहे. चाळ बांधायच्या आधी त्या बाईनं घोट्याला फडकं गुंडाळलं, माझी आई हंड्याखाली चुंबळ ठेवते तसं, असं लिहिलं होतं. आणि शेवटी — 'सगळं गाव त्यांच्याकडं बघत होतं आणि त्या फक्त ढोलकीवाल्याच्या हाताकडं बघत होत्या. मलाही एकदा असं उभं राहायचं आहे. सगळ्यांच्या नजरा अंगावर घ्यायच्या, पण आपली नजर आपल्याकडं ठेवायची.'

ते वाचून मॅडमनी ठरवून टाकलं. मे महिन्यात पुण्यात महिनाभराचं नाट्यशिबिर होतं, राहणं-खाणं तिकडंच, प्रत्येक कॉलेजातून एकच विद्यार्थी. तिथून पुढं नाटकाच्या पदवीला जायची वाट होती. त्यांनी सारिकाचं नाव घातलं. मला वाटलं होतं, माझं घालतील. वाटलं होतं काय, मी आईला सांगूनही टाकलं होतं.

फॉर्मवर पालकांची सही हवी होती. तेवढ्यात सारिकाच्या घरी कांदाकाढणी सुरू झाली आणि ती आठवडाभर आलीच नाही. मॅडम मला म्हणाल्या, तू तिची मैत्रीण ना, एवढा फॉर्म नेऊन सही आणशील का? आणि तिची तपासलेली वहीही देऊन टाक.

मी हो म्हणाले. आनंदानं म्हणाले.

आता ऐका. मला माहीत होतं की सकाळी अकरा वाजता सारिका आणि तिची आई रानात असणार. मला हेही माहीत होतं की त्या आठवड्यात आप्पांची दुसरी पाळी आहे, म्हणजे दुपारपर्यंत ते घरी एकटे. हे सगळं मला कसं माहीत? तिनंच सांगितलेलं, डबा खाताना. मॅडमनी फॉर्म वहीच्या पहिल्या पानात ठेवून दिला होता. चौफुल्याच्या पुढं एसटीत मी वही उघडली, फॉर्म काढला आणि तमाशाच्या पानात ठेवला. बाहेर थोडा दिसेल असा. मी तो नीट ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसले.

आप्पा ओट्यावर बसले होते. मला बघून उठले, आत जाऊन स्वतः पाणी आणलं.

"बस पोरी. उन्हाची आलीस. सारी तर रानात गेलीया."

मी म्हटलं, सही हवीय, फॉर्म वहीत आहे. त्यांनी हात पुसले, वही घेतली, फॉर्मच्या जागी उघडली. आधी फॉर्म वाचला. मग डोळे पानावर गेले. ते हळू वाचणारे होते, ओठ हलत होते. मी तांब्यातलं पाणी पीत होते आणि त्यांचे ओठ बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या माणसाकडं इतकं नीट बघत असेन.

तमाशा आप्पांनीही बघितलेला होता, गावातला कोण पुरुष बघत नाही? पण पोरीनं तिथं उभं राहायचं म्हणणं वेगळं. त्यांचा चेहरा रागाचा झाला नाही. लाजल्यासारखा झाला, माझ्यापुढं.

"ही तमाशाला गेली व्हती?"

मी तांब्यातला आणखी एक घोट घेतला. बोलायला हवं होतं ना — की मॅडम नेतात, अभ्यासाचा भाग आहे, आम्ही सगळ्या गेलो होतो? एका दमात सांगून झालं असतं. वेळ होता. त्यांनी तो दिला मला.

"तूबी व्हतीस का तितं?"

"नाही आप्पा," मी म्हणाले. "मी नव्हते गेले."

हे ते वाक्य. बाकी सगळं या वाक्याभोवतीचं आहे. मागं त्यांची कोंबडी ओट्यावर चढली, त्यांनी तिला हाकललं आणि फॉर्म घडी घालून माझ्या हातात दिला, कोरा. "म्याडमला सांग, आमाला जमायचं न्हाई." वही त्यांनी ठेवून घेतली. मी निघाले तर म्हणाले, "जेवून जा पोरी." आणि मी जेवले. त्यांच्या घरी बसून भाकरी-पिठलं खाल्लं.

मॅडमनी दोनदा फोन केला. आप्पा अदबीनं नाही म्हणत राहिले, कारण सांगितलं नाही. कारण कुणीच सांगितलं नाही. शिबिराला मी गेले. तिथं पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं, तुम्ही पाहिलेला एखादा माणूस सांगा. सगळे गडबडले. मी उठले आणि शिरूरच्या स्टँडवरचा केळीवाला सांगितला. आवाज खाली आला होता, इथपर्यंत सगळा. सर म्हणाले, तुला नजर आहे.

तेव्हाही मला तिचा रागच आला. महिनाभर मी तिथं होते आणि तिच्यापासून सुटका झाली नाही. पदवीला प्रवेश मिळाला नाही मला, मिळणार नव्हताच.

सारिका नंतर फक्त परीक्षांना आली. वर्गाबाहेर दिसली की हसायची. मी घाई असल्यासारखं दाखवायचे. पुढं तिनं कुरकुंभला एका औषधांच्या कंपनीत पॅकिंगमध्ये काम धरलं, असं कळलं. मी बी.एड. केलं आणि आता शिरूरला तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. मुलांना नाटकं, प्रदर्शनं बघायला नेते. एखादी मुलगी चांगलं लिहून आणते तेव्हा बरगडीखाली अजून दुखतं, आणि मी लाल पेनानं 'उत्तम' असं लिहिते.

गेल्या महिन्यात सारिका दौंडच्या स्टँडवर भेटली. तिनंच हाक मारली. कंपनीची टोपी पर्समधून डोकावत होती, ती थोडी जाड झालीय. आम्ही चहा घेतला. मी तिला काही विचारलं नाही, तीच बोलायला लागली.

म्हणाली, आप्पांनी मला वही दाखवली तवा मी सांगणार होते, आम्ही समद्या गेलो व्हतो म्हणून. मग ते म्हणाले की तू गेली नव्हतीस म्हणालीस. तवा माझ्या ध्यानात आलं, हिनंबी घरी माझ्यासारखं सहल म्हणूनच सांगितलेलं असणार. आप्पा उद्या तुझ्या वडलांना भेटले आन् बोलून गेले तर? म्हणून मी म्हणलं, व्हय, मी एकटीच गेले व्हते.

"एकटीच?" मी म्हणाले.

"मग काय तर. एकीचं गेलं तेवढं बास झालं की. दोघींच्या घरात वाद कशाला?" ती हसली. "आप्पा वर्षभर बोलले न्हाईत माझ्यासंगं. आता बोलत्यात."

माझ्या तोंडात चहा होता, तो मी गिळला. सांगायला हवं होतं तर ती वेळ तीच होती. स्टँडवर गर्दी नव्हती, तिची गाडी लागलेली नव्हती.

"लई घाबरली व्हतीस ना तवा?" तिनं विचारलं.

मी मान हलवली. हो म्हणून.

तिनं माझा हात हातात घेतला आणि दाबला. मी तो काढून घेतला नाही.