अर्चनाचा पत्ता

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच. एकदोनदा ओठांपर्यंत आलं होतं — मग कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी बेल वाजवली, आणि मी गिळून टाकलं. खरं सांगू? शिट्टी झाली नसती तरी गिळलंच असतं. आत्ता लिहितानाही मी मध्येच उठून दाराची कडी बघून आले. इतक्या वर्षांनी मला कुणाची भीती वाटते? सांगते. पण जरा लांबून यावं लागेल.

अर्चना आणि मी बीडला हॉस्टेलच्या एका खोलीत राहायचो. मी धारूरकडची, ती नेकनूरच्या बाजूची. तिचे वडील दूध संघाचे चेअरमन, आणि माझे आण्णा त्याच संघाच्या शीतकरण केंद्रावर कामाला. दोन घरांत केवढं अंतर होतं ते तुमच्या लक्षात आलं असेल. तिनं ते खोलीत कधी येऊ दिलं नाही. मला टायफॉइड झाला तेव्हा ती माझ्या उशाशी बसून तिचा अभ्यास मोठ्यानं वाचायची — म्हणजे झोपल्या झोपल्या माझाही होईल.

कॉलेजातल्या दत्तावर तिचं मन बसलं. दत्ताचे आईवडील दर हंगामाला ऊसतोडीला जाणारे. तो पोलीस भरतीची तयारी करत होता. पहाटे पळायला जायचा, आणि पळताना बघावं असा मुलगा होता. तिच्या घरी कळलं तसं कॉलेज बंद झालं, फोन काढून घेतला. आणि एक दिवस ती घरातून निघून आली. दोघांनी लग्न केलं आणि पुण्यात कात्रजला एक खोली घेतली. खोली दत्ताच्या मित्रानं, मुनीरनं, बघून दिली होती. तो तिथंच जवळ एका गॅरेजात कामाला होता. ती खोली कुठं आहे हे मुनीरला माहीत होतं, आणि मला. बाकी कुणालाच नाही.

मी तेव्हा पुण्यात नोकरीला लागले होते. रविवारी त्यांच्याकडं जायचे. अर्चना स्टोव्हवर पिठलं करायची आणि दत्ता त्या दिवशी किती पळाला ते सांगायचा. तिचे लोक शोधत फिरतात हे आम्हाला ठाऊक होतं. ती हसून म्हणायची, पुणं लई मोठं हाय गं.

त्या साली तिकडं दुष्काळ होता. चारा नाही, लोक जनावरं विकायला लागले, दूध आटलं. संघातली माणसं कमी करणार अशी बोलणी सुरू झाली. आण्णा फोनवर स्वतःचं काही सांगायचे नाहीत. आई मात्र एवढंच म्हणायची — बघू, चेअरमनच्या मनात काय आहे.

हे सगळं मी का सांगतेय? भीती कुठून आली ते तुम्हाला दिसावं म्हणून? की अजून थोडा वेळ काढतेय?

ऑफिसातल्या मैत्रिणींनी एका शनिवारी दुपारी बाणेरला जेवायला जायचं ठरवलं. नवीन जागा होती. उंच स्टुलं, उघड्या विटांच्या भिंती, काचेमागं बिअर तयार होते ती चकचकीत पिंपं. मी पहिल्यांदाच असल्या ठिकाणी गेले होते. मेनूत ठेचा होता, पण तो ब्रेडवर, चीज लावून. मी हसले तेव्हा प्राची म्हणाली, तुझ्या गावाकडचाच कुणीतरी येतोय आज, माझ्या भावाचा मित्र आहे. आणि अजिंक्य आला. अर्चनाचा चुलतभाऊ.

तो योगायोगानं आला की मुद्दाम, हे मला आजही कळलेलं नाही.

माझ्या शेजारचं स्टूल रिकामं होतं, तिथं तो बसला. सगळ्यांशी छान बोलला. मग बाकीचे आपसात रंगले तसा माझ्याकडं वळून हळूच म्हणाला, "तुमचे आण्णा आमच्या संघात हायत ना, ताई? चांगला माणूस. काका लई मानतात त्यांना."

एवढंच. आवाजात धाक नव्हता. गावाकडची बोली कानावर पडली की इतर वेळी मला बरं वाटायचं. त्या दिवशी वाटलं नाही. तो पुढं दुष्काळाचं बोलला. कुणाकुणाला कमी करावं लागंल, काकांना झोप न्हाई म्हणाला. समोर कुणीतरी विनोद केला, टेबल हसलं, तोही हसला. आणि हसता हसताच त्यानं विचारलं.

"अर्चना कुठं हाय, तेवढं सांगा. काकू जेवत न्हाईत. आमी काय करणार न्हाई तिला."

मला माहीत नाही, असं म्हणता आलं असतं. उठून बाथरूमला जाता आलं असतं. प्राचीला हाक मारता आली असती — भरल्या हॉटेलात, भर दुपारी तो माझं काय करणार होता? मी पाण्याचा ग्लास उचलला, खाली ठेवला. आणि सांगितलं. कात्रजला, देवळामागची पिवळी बिल्डिंग. वरचा मजला, जिन्याजवळची खोली. दत्ता पहाटे पळायला जातो, हेही सांगितलं. ते तर त्यानं विचारलंही नव्हतं.

तो फोन करायला बाहेर गेला. तेवढ्यात जेवण आलं. परत येऊन त्यानं माझ्या ताटात वाढलं. आणि मी जेवले. नीट, पोटभर जेवले. घास अडकायला हवा होता ना? अडकला नाही.

संध्याकाळभर फोन माझ्याजवळ होता. दत्ताच्या फोनवर एक शब्द कळवला असता तरी ती दोघं मुनीरकडं जाऊन राहिली असती. मी स्वतःला सांगत राहिले, आईला भेटायला नेतील, परत पाठवतील. खोटं. मी त्या माणसांच्या गावाकडची आहे. मला ठाऊक होतं.

पहाटे ते आले. दत्ताला बिल्डिंगच्या खाली गाठलं. त्याचा गुडघा फोडला. अर्चनाला गाडीत घालून घेऊन गेले. दत्ता वाचला, पण पाय कायमचा वाकडा झाला. भरतीचं तर संपलंच. पोलिसांत त्यानं पडलो म्हणून सांगितलं; आईबाप गावात, त्या लोकांच्या हाताशीच होते त्याचे.

पत्ता कुणी दिला? माझ्यावर कुणाला संशयही आला नाही. मी अर्चनाची जिवाभावाची. मग राहिला मुनीर.

काही दिवसांनी तो माझ्या ऑफिसच्या गेटवर आला. कामाचेच कपडे होते अंगावर. दत्ता त्याला दवाखान्यातून हाकलून देत होता. तो म्हणाला, "ताई, तुमचं ऐकंल तो. सांगा ना त्याला, मी न्हाई बोललो कुणाला."

मी मुनीरच्या डोळ्यांत बघितलं. आणि म्हणाले, "तू बोलला नाहीस, हे मला कसं माहीत असणार?"

तो आल्या पावली परत गेला. पुढं त्यानं पुणं सोडलं. कुठं गेला ते मी कधी विचारलं नाही.

आण्णांची नोकरी राहिली. ती माझ्यामुळं राहिली की तशीही राहिली असती? मला माहीत नाही, आणि शोधायची हिंमत नाही. अजिंक्यचा दर दिवाळीला शुभेच्छांचा मेसेज येतो. मी उत्तर देते. दिलं नाही तर तो काय करेल, या विचारानं सगळ्यांच्या आधी त्याला देते. रविवारी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला तर अजून मी तो उचलत नाही.

आण्णा रिटायर झाले तेव्हा संघात छोटा सत्कार झाला. चेअरमननं स्वतः हार घातला. अर्चनाही आली होती. तिचं लग्न लातूरकडं लावून दिलेलं, दोन मुलं आहेत. कार्यक्रमानंतर आमच्या घरी स्वयंपाकघरात आम्ही दोघीच चहा घेत बसलो. तिनं दत्ताचं नावही काढलं नाही. खिडकीकडं बघत म्हणाली, "मुनीरला मी कधीच माफ करणार न्हाई, वैशे. तू होतीस म्हणून माणसावर इस्वास तरी राह्यला."

मी तिच्या हातातला रिकामा कप घेतला. विसळला. आणि तिच्याकडं पाठ करूनच म्हणाले, "जाऊ दे आता."