तारीख नसलेला राजीनामा

रेणू रहांगडालेचा कोणावर म्हणून विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यात तिचं काही चुकतही नव्हतं. कामठ्याजवळच्या एका खासगी शाळेत ती सात वर्षांपासून चौथीला शिकवत होती. रुजू व्हायच्या दिवशीच मुख्याध्यापक नंदलाल सरांनी तिच्याकडून एक राजीनामा लिहून घेतला होता. तिच्याच हातानं, तिच्याच सहीनं, फक्त तारखेची जागा मोकळी. आपल्याकडे ही पद्धतच आहे, सगळेच देतात, असं ते म्हणाले. बावीस वर्षांची पोरगी, नोकरी लागल्याच्या आनंदात तिनं दिला लिहून. तेव्हापासून तो कागद शाळेच्या कपाटात आणि हिच्या डोक्यात पडून होता. सर जरा रागावले, की आज तारीख पडते का काय, म्हणून हिचा जीव खालीवर.

दिवस गेले तेव्हा पाच महिने तिनं शाळेत कोणाला पत्ता लागू दिला नाही. मग बाळंतपणाच्या रजेचा अर्ज दिला, पूर्ण एकशे ऐंशी दिवसांचा. पोच मागितली, तर बाबू म्हणाला, शिक्क्याची शाई वाळली. दुसऱ्या दिवशी ही बाई घरूनच शाईचं पॅड घेऊन गेली! शिक्का पडेपर्यंत टेबलासमोरून हलली नाही.

मुलगी झाली. शाळेतून पेढे आले आणि सरांचा फोनही आला. आराम करा मॅडम, घाई करू नका, म्हणाले. पाच मिनिटं उशीर झाला तर लाल शेरा मारणारा हा माणूस, आणि म्हणे घाई करू नका! रेणूनं पेढ्याला हात लावला नाही. सासूनं, रुख्माबाईनं, चार खाल्ले आणि तिला काही झालं नाही, तरी रेणूचा शक गेला नाही. नवरा धर्मेंद्र हसला, तर तिनं त्याच्याकडेही तसंच पाहिलं. पोरगी लहान आहे, नोकरीचं पुढं पाहू, असं तो आठवड्यात दोनदा बोलला होता.

पण सगळ्यांत मोठा संशय नीतूवर. रेणूच्या जागी रजेपुरती घेतलेली ही पोरगी संस्थेच्या सचिवाच्या गावची होती. वर्गातली पोरं येऊन सांगत, नवीन मॅडम मस्त गोष्टी सांगते. झालं, रेणूचा संशय पक्का. एकदा खुर्चीत बसलेलं कोण उठतंय?

रजा संपायला दोन दिवस उरले असताना तीच नीतू दारात उभी राहिली. धानाच्या रोवणीचे दिवस, घरचे सगळे शेतावर, बांधीत गेलेले. नीतूनं पोरीसाठी टोपरं आणलं होतं. रेणूनं ते उलटसुलट करून पाहिलं, पाणी दिलं, पण पोरगी काही तिच्या मांडीवर दिली नाही. नोकरी सोडा म्हणून सांगायलाच हिला पाठवलं असणार, एवढं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

नीतूनं मोबाइल पुढे धरला. फोटोत तोच राजीनामा होता. आणि तारखेच्या जागी ताज्या निळ्या शाईत परवाची तारीख, रजेचा शेवटचा दिवस.

"हा तुले कुठं भेटला?"

"सरानं मायापुढं नमुना म्हणून ठेवला, ताई. तुले कायम करतो, असाच लिव म्हणे, तारीख सोडून. म्या लिवून देला."

"अन् मले काऊन सांगून राहिली?"

"मायं लग्न जुळलं. उद्या मायावरबी हेच येईन."

रेणूला आपली लाज वाटली. सहा महिने हिला मनातल्या मनात शिव्या घातल्या, आणि तीच सावध करायला आली. डोळे पुसून तिनं फोटो पुन्हा पाहिला, तेव्हा सहीवर नजर अडली. रेणू चुन्नीलाल पटले. लग्नाआधीची सही! लग्नानंतर नाव बदलल्याशिवाय पगार निघणार नाही म्हणून याच सरांनी नावबदलाचं राजपत्र आणायला लावलं होतं, सेवापुस्तकात नाव बदलून खाली सही ठोकली होती. तारीख टाकायच्या घाईत ते कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. रेणू मोठ्यानं हसली आणि तिनं पोरगी उचलून नीतूच्या मांडीवर ठेवली.

सोमवारी ती रुजू व्हायला गेली. सरांनी कागद टेबलावर मांडला आणि तुम्हीच तर राजीनामा दिला, मॅडम, म्हणाले. रेणूनं त्यावर पंजा ठेवला.

"हा रेणू पटलेचा आहे, सर. तिचं लग्न होऊन पाच वर्षं झाली, सेवापुस्तकात तुमचीच सही आहे. आता तिनं राजीनामा कसा देला? हजेरीवही द्या, नाई तं चाला, शिक्षणाधिकाऱ्यालेच विचारू."

सरांनी कागद ओढून पाहिला. पंजा हलला नाही. मग हजेरीवही आली. रेणूनं पूर्ण नावानं सही केली, सहीचा मोबाइलमध्ये फोटो काढला, कागद पर्समध्ये टाकला. या लोकांचा काय भरोसा!

"आता नीतूचा काढा," ती म्हणाली, आणि टेबलासमोरून हलली नाही.