आप्पांच्या पाण्यात वाळा

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आप्पांना, इंदूरमध्ये एकच गोष्ट नापसंत होती: पाणी. (दुसरी मी, पण सभ्य गृहस्थ असल्याने ते तसं बोलत नसत.)

सासूबाई गेल्यापासून आप्पा वाईला एकटेच राहत. त्यांनी आता इंदूरच्या राऊ भागात आमच्याकडेच राहावं, असं शुभदाला, माझ्या बायकोला, फार वाटे. मलाही वाटे, अगदी मनापासून. पण आप्पा आले की पाण्याचा एक घोट घेत, पेला खाली ठेवत आणि म्हणत, "आमच्या माठातल्या वाळ्याच्या पाण्याची सर नाही हो याला." चार दिवसांत परतीचं तिकीट काढत. या वेळीही काढलंच होतं.

आमच्याकडे स्टीलचा दुमजली फिल्टर आहे. वरच्या मजल्यावर पांढरी सिरॅमिकची कँडल, तिच्यातून झिरपून पाणी खाली पडतं. टिप... टिप... उन्हाळ्याच्या दुपारी तो आवाज ऐकत पडलं की माणूस कुठल्या कुठे पोचतो. मी वाईच्या घाटावर पोचलो. पायाशी कृष्णा, शेजारी आप्पा, हातात पेला, डोळे मिटलेले, आणि ते म्हणतायत की राहिलो बुवा तुमच्याकडे. एवढं ऐकून मी उठलो आणि तडक सियागंज गाठलं. दुकानदार म्हणाला, "ले जाओ भिया, पूरा घर महकेगा." मी वाळ्याची चांगली जाड जुडी आणली.

वाळा माठात घालतात हे मला ठाऊक होतं. पण घरात माठ नव्हता, फिल्टर होता, आणि मला धीर नव्हता. जुडी वरच्या मजल्यात सोडली नि पुन्हा आडवा झालो. टिप... टिप... मग बऱ्याच वेळाने टिप. मग काहीच नाही. मुळांतली सगळी माती कँडलने अंगाला फासून घेतली होती!

कँडल नुसत्या पाण्याने, मऊ ब्रशने घासायची, असं शुभदाने बजावलेलं. पण स्वच्छतेसाठी देशभर नावाजलेल्या शहराचा मी नागरिक. नुसत्या पाण्याने घासणं माझ्या जिवावर आलं. भांड्यांचा लिंबाचा साबण सढळ हाताने ओतला. फेसात ती अशी गोरीपान झाली, की मी कितीतरी वेळ बघतच राहिलो. (साबण तिने पोटातही घेतला, हे मला कसं कळणार?) वाळाही धुऊन परत आत घातला.

संध्याकाळी आप्पांची बॅग दाराशी आली. शुभदाचे डोळे भरले होते. मी पेला पुढे केला. "आप्पा, जायच्या आधी हे पिऊन बघा तर सही."

आप्पांनी मोठा घोट घेतला आणि डोळे मिटले, हुबेहूब घाटावरच्यासारखे. मी कान टवकारले. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, तर ओठांवर एक बुडबुडा आला, जरासा थरथरला आणि फुटला.

शुभदा फिल्टरचं झाकण उघडून बघून आली. तिने वडिलांकडे पाहिलं. आप्पांनी तोंड पुसलं, बॅग उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली.

मला भरूनच आलं. पाणी आवडलं का, असं मी हळूच विचारलं.

"छे," आप्पा शांतपणे म्हणाले, "पण पोरीला तुमच्या भरवशावर सोडून मी आता वाईला कसा जाऊ?"