टीव्हीच्या काचेतली खुर्ची

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी वाचायचे ते जेवताना करमणूक म्हणून... राग मानू नका, खरं ते सांगितलं. आम्ही बौद्ध. घरात अंगारे-धुपारे, नवस, दृष्ट काढणं, काही म्हणता काही नाही. शेजारच्या काकू दाराला लिंबू-मिरची बांधायला लागल्या की पप्पा मुद्दाम थांबून विचारायचे, "वहिनी, भाजीला ठेवल्यात का थोड्या?" अशा माणसाची मी मुलगी. तरीही लिहितेय, कारण वर्ष होत आलं आणि डोक्यातून जात नाही.

आम्ही नाशिक रोडला राहतो, स्टेशनच्या मागच्या बाजूला एका जुन्या कॉलनीत. पहिला मजला. दार उघडलं की हॉल, मग किचन, आणि सगळ्यात आत पप्पांची खोली. आई पूर्वीच गेली. पप्पा सरकारी नोकरीतून रिटायर होऊन मस्त मजेत होते आणि अचानक पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. पलंगावर पडून छताकडे बघत राहायचे. डॉक्टर म्हणाले, ऐकू येत असेल, पण त्यातलं समजतं का ते सांगता येत नाही.

आमच्या घरात भांडण होतं ते एवढ्याचंच. मी म्हणायचे, त्यांना सगळं समजतं. माझा मोठा भाऊ, दादा, पुण्याला असतो. तो म्हणायचा, काही समजत नाही, तू स्वतःला फसवतेयस, त्यांना एखाद्या चांगल्या केअर सेंटरमध्ये ठेवू. फोन आला की हाच विषय... मी रागाने फोन ठेवून द्यायचे.

माझं काम घरून चालतं, सॉफ्टवेअरचं. फावल्या वेळात मी एका ओपन सोर्स ग्राफिक्स ड्रायव्हरसाठी टेस्टिंग करते. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर. ओपन सोर्स, म्हणजे जगभरातले लोक मिळून ते फुकट लिहितात आणि दुरुस्त करतात. जुन्या कार्डांना मागे एक गोल सॉकेट असायचं, त्यातून वायर काढून कॉम्प्युटरचं चित्र जुन्या डबा टीव्हीवर दाखवता यायचं. नवीन कोडमध्ये ते बिघडलं होतं. चित्र वर-वर सरकायचं, रंग उडायचे. "आता हे वापरतंय कोण" असं तुम्ही विचाराल. वापरतात हो, आहेत असे हट्टी लोक. माझ्याकडे तसं कार्ड होतं, आणि माळ्यावर पप्पांनी कधी भंगारात देऊ न दिलेला डबा टीव्ही होता. म्हणून टेस्टिंग माझ्या गळ्यात पडलं.

या कामात स्क्रीनशॉट चालत नाही. स्क्रीनशॉटमध्ये कॉम्प्युटरने काय पाठवलं ते येतं, टीव्हीवर काय उमटलं ते येत नाही. त्यामुळे रंगांचे उभे पट्टे टीव्हीवर लावायचे, मोबाइलने टीव्हीचा फोटो काढायचा आणि रिपोर्टला जोडायचा. खरं तर पडदे ओढून अंधार करून काढायचा असतो, कारण त्या फुगीर काचेत सगळी खोली दिसते. पण मला वेळ मिळायचा तो दुपारी. पप्पांना सांभाळायला सायखेड्याच्या शोभाताई यायच्या, त्या असतानाच. आणि हॉलच्या खिडकीला पडदाच नाही.

पहिले काही फोटो पाठवले. ड्रायव्हरचा तो भाग सांभाळणारा माणूस परदेशात असतो, मी त्याला कधी पाहिलेलं नाही. त्याचं उत्तर आलं: चित्र आता स्थिर दिसतंय, पण मागे बसलेल्या गृहस्थांना जरा बाजूला व्हायला सांगाल का? त्यांचा पांढरा शर्ट पट्ट्यांवर पडतोय, मला रंग कळत नाहीत.

मला वाटलं, खुर्चीवर वाळलेला टॉवेल वगैरे असेल. फोटो मोठा करून पाहिला. काचेत मी होते, हातात मोबाइल. माझ्या मागे पप्पांची वेताची खुर्ची. आणि खुर्चीत पप्पा... ऑफिसला घालायचे तो पांढरा बुशशर्ट, ताठ बसलेले, पायावर पाय टाकून. काचेत डावं-उजवं उलटं होतं, तेही मी हिशेबात घेतलं. वर टाकलेला पाय उजवाच होता.

मी आत पळाले. पप्पा पलंगावर होते. शोभाताई त्यांच्या पाठीला पावडर लावत होत्या. मी विचारलं, "यांना बाहेर आणलं होतं का?"

"अवो ताई, कूस बदलायची तर माझा लय जीव जातो. बाहेर कशी आणू? ते तर हितंच हाय."

टेस्टरला एकच सवय असते, पुन्हा करून बघायचं. मी दुसऱ्या मोबाइलने काढला. खुर्ची हलवली. नुसत्या डोळ्यांनी काचेत पाहिलं तर खुर्ची रिकामी. टीव्ही बंद ठेवून काढला तरी रिकामी. पण कार्डाकडून चित्र आलेलं असलं की फोटोत पप्पा असायचेच. कधी खिडकीकडे बघताना, बहुतेक वेळा माझ्याकडे.

घाबरले ना, खूप घाबरले. पण खोटं कशाला बोलू, दोन-चार दिवसांनी मला आनंद व्हायला लागला. पप्पा आहेत, घरातच आहेत, सगळं बघतायत. मी टेस्टिंग करता करता खुर्चीशी गप्पा मारायला लागले. शोभाताई किचनमधून डोकावून जायच्या.

मग दादा आला. केअर सेंटर बघून, सगळं ठरवूनच आला होता. हॉलमध्ये खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता तो. म्हणाला, "पिंके, पप्पा गेलेत. आत आहे ते नुसतं शरीर आहे. मान्य कर आता."

माझी सटकली. मी लॅपटॉप त्याच्यासमोर आपटला, सगळे फोटो दाखवले. तो एकेक बघत गेला. चेहरा उतरला त्याचा. मग म्हणाला, "आत्ता काढ. माझ्यासमोर."

मी पट्टे लावले, फोटो काढला. काचेत मी होते, दादा होता. खुर्ची रिकामी होती. पुन्हा काढला. रिकामीच. दादाने मान फिरवली. त्याला वाटलं मीच काहीतरी करून ते फोटो बनवले होते.

मला काय झालं माहीत नाही. मी म्हटलं, "थांब, त्यांनाच आणू इथे." दादा नको नको म्हणत होता, पण मी ऐकेना. तिघांनी मिळून पप्पांना उचलून आणलं आणि खुर्चीत बसवलं. मान पडत होती, म्हणून दादाने मागून काखेत हात घालून त्यांना धरलं. शोभाताई रुमालाने लाळ पुसत होत्या. मी टीव्हीसमोर बसून फोटो काढला.

फोटोत दादा खुर्चीवर वाकलेला होता, दोन्ही हात पुढे, काहीतरी जड धरल्यासारखे. शोभाताईंचा रुमाल हवेत. खुर्चीत कोणी नव्हतं. मागचं वेत दिसत होतं.

दादाने माझ्या हातातला मोबाइल पाहिला. पप्पा अजून त्याच्या हातात होते, अंग गरम होतं, श्वास चालू होता. तो हळूच म्हणाला, "मी तसं बोललो म्हणून गेले का गं?"

मी टीव्ही बंद केला.

ड्रायव्हरमधली ती दुरुस्ती नंतर मंजूर झाली. तुमच्यातल्या हुशार लोकांनी कॅमेऱ्याचं, काचेचं, माझ्या थकव्याचं जे काही सुचवायचं ते सुचवा, मी सगळं करून बघितलंय. माझ्याकडे काहीही स्पष्टीकरण नाही.

केअर सेंटरचं नाव दादाने पुन्हा काढलं नाही. सुट्टी घेऊन इथेच राहिला. पप्पा त्यानंतर महिनाभर जगले. दादा रोज त्यांच्याजवळ बसून चमच्याने पेज भरवायचा, "पप्पा, आ करा" म्हणायचा, आणि ते तोंड उघडायचे. ते तोंड कोण उघडत होतं, हे आम्ही दोघांनी एकमेकांना अजून विचारलेलं नाही.